अठ्ठावीस मिनिटं, पन्नास वर्षं

फेब्रुवारी १९७२. लंडनच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकात एका नव्या अल्बमची जाहिरात आली. अशा जाहिरातीत काय असतं ते सगळ्यांना पाठ असतं: प्रतीक्षा संपली, यंदाचा सर्वोत्तम, वगैरे. इथे मात्र रेकॉर्ड कंपनी चक्क कबुली देत होती. हा अल्बम तयार होतोय याची आम्हाला खबरच नव्हती, गायकाने तो पुरा करून हातात ठेवला तेव्हा कळलं. याचे आधीचे दोन अल्बम अजिबात खपले नाहीत. तरी आम्ही याच्या रेकॉर्ड काढत राहणार, कारण कधीतरी एखादा जाणकार थांबून नीट ऐकेल आणि त्याला आमचं म्हणणं पटेल. मजकुराचा आशय असा होता.

अल्बमचं नाव ‘पिंक मून’, गायक-गिटारवादक निक ड्रेक, वय २३, कंपनी ‘आयलंड रेकॉर्ड्स’. मजकूर लिहिणारे होते कंपनीच्या प्रसिद्धी विभागातले डेव्हिड सँडिसन. त्यांना हवा असलेला जाणकार वेळेवर काही भेटला नाही. पावणेतीन वर्षांनी ड्रेक वारला, आणि तोवर त्याच्या तीनपैकी एकाही अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नव्हत्या, असं सांगतात. पुढे २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सार्वकालिक ५०० अल्बमची यादी केली, तेव्हा ‘पिंक मून’ ३२०व्या क्रमांकावर होता. २०२०च्या यादीत तो २०३वर आला.

मधल्या काळात ध्वनिमुद्रणातला एक सूरही बदललेला नाही. मग १९७२ साली ज्याला ‘अपुरं’ म्हटलं, त्यालाच पुढे ‘परिपूर्ण’ कसं म्हणू लागले? तेव्हाचे समीक्षक बहिरे होते, हे सोपं उत्तर झालं. त्यांची परीक्षणं आज पुन्हा वाचली तर ते उत्तर टिकत नाही.

सागवानाची कंपनी आणि घरातला पियानो

निक ड्रेकचा जन्म १९ जून १९४८चा, रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक इंजिनिअर होते आणि ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मध्ये नोकरीला होते. हे नाव मुंबईकरांना परकं वाटायचं कारण नाही. वॉलेस बंधूंनी १८६३ साली काढलेली आणि बर्मी सागवानावर पोसलेली ही कंपनी. बर्माच्या राजदरबाराने तिला केलेल्या दंडाचं निमित्त होऊन १८८५चं तिसरं इंग्रज-बर्मी युद्ध पेटलं. आज ती वाडिया समूहात आहे. निकची थोरली बहीण गॅब्रिएल, पुढे नावाजलेली अभिनेत्री, लाहोरला जन्मली. साम्राज्याच्या नोकऱ्यांवर पूर्वेकडे फिरलेलं हे कुटुंब १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला परतलं आणि वॉरविकशायरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थिरावलं.

घरात पियानो होता आणि तो वाजवणारी आई होती. मॉली ड्रेक स्वतः गाणी रचायच्या, घरच्या टेपरेकॉर्डरवर ती उतरवून ठेवायच्या. बाहेर कुणाला ऐकवण्याचा त्यांचा विचार नव्हता. ती ध्वनिमुद्रणं २०१३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की मुलाच्या सुरावटींची वळणं आईच्या पियानोत आधीच होती. घराच्या चार भिंतींत, आपल्याचसाठी गायलेलं गाणं हे या मुलाला लहानपणापासून ओळखीचं होतं. ‘पिंक मून’ ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दोन अल्बम, दोन तक्रारी

केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकत असताना ड्रेकचं गाणं ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या लोकसंगीत-रॉक मंडळीतल्या ॲश्ली हचिंग्ज यांच्या कानावर पडलं. त्यांनी त्याचं नाव निर्माते जो बॉइड यांना कळवलं. पदवीला काही महिने उरले असताना ड्रेकने शिक्षण सोडलं. त्याआधी जुलै १९६९मध्ये पहिला अल्बम आला होता, ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’. सिगारेट वळायच्या कागदांच्या पाकिटात पाचच कागद उरले की जी सूचना वर यायची, तिच्यावरून हे नाव घेतलं होतं. केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी याने बऱ्याच गाण्यांना व्हायोलिन-चेलोची साथ बांधून दिली. मार्च १९७१मध्ये दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’ आला. त्यात ड्रम आले, ब्रास आलं, फेअरपोर्टचे वादक आले, दोन गाण्यांत जॉन केल आले.

परीक्षणं बरी-वाईट मिळून होती. पहिल्या अल्बममध्ये मन रमेल इतकी विविधताच नाही, असं ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’चं मत पडलं. दुसऱ्यात ती विविधता आली, तर ‘मेलडी मेकर’ला लोकसंगीत आणि हॉटेलातल्या जॅझची अवघडलेली सरमिसळ ऐकू आली. आधी साथ कमी पडली होती, नंतर ती जास्त झाली. तिसऱ्या वेळी ड्रेकने साथच काढून टाकली.

जुन्या डेअरीतल्या दोन रात्री

लंडनच्या चेल्सी भागात ‘साउंड टेक्निक्स’ नावाचा स्टुडिओ होता, एका जुन्या डेअरीच्या इमारतीत थाटलेला. ऑक्टोबर १९७१मध्ये ड्रेकने तिथले ध्वनिमुद्रक जॉन वुड यांना फोन केला आणि ध्वनिमुद्रण करायचं आहे म्हणून सांगितलं. निर्माते बॉइड तोवर अमेरिकेत नोकरी धरून निघून गेले होते. दिवसा स्टुडिओ दुसऱ्यांना दिलेला असायचा, म्हणून काम रात्री अकराच्या सुमाराला सुरू झालं. दोन रात्रींत ते संपलं. खोलीत माणसं दोनच: काचेच्या अलीकडे वुड आणि पलीकडे ड्रेक.

गाणी ११, एकूण वेळ जेमतेम २८ मिनिटं. आवाज आणि गिटार एकत्रच ध्वनिमुद्रित झाले. नंतर वरून चढवलेली गोष्ट एकच: शीर्षकगीतातला पियानोचा छोटा तुकडा, तोही ड्रेकनेच वाजवलेला. बाकीची साथ काय घ्यायची, असं वुडने विचारल्यावर एवढंच आहे, यापुढे काही नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. वुड सांगतात की हा अल्बम असाच व्हायचा आहे हे ड्रेकच्या मनात पक्कं होतं.

ड्रेकने टेप कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवली आणि कुणाला न सांगता तो निघून गेला, अशी एक कथा पुढे फार फिरली. खुद्द सँडिसन यांची आठवण जरा वेगळी आहे: ड्रेक आला, वर येऊन बसला, फारसं बोलला नाही, आणि गेल्यावर लक्षात आलं की टेप तो इथेच ठेवून गेलाय. कथेतून वर येऊन गप्प बसलेला माणूस गळाला, गूढ तेवढं उरलं. ड्रेकबद्दलच्या पुष्कळ गोष्टींचं पुढे असंच झालं.

सा, प, सा, म, सा, ग

या २८ मिनिटांत नेमकं काय आहे ते कळायला गिटारच्या तारांकडे जरा जवळून बघावं लागतं.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे साधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ‘पिंक मून’ या शीर्षकगीतासाठी त्या सी, जी, सी, एफ, सी, ई अशा लावलेल्या आहेत. सर्वांत जाड तार दोन पूर्ण स्वरांनी उतरवलेली, पुढच्या तीन एकेक स्वराने उतरवलेल्या, पाचवी अर्ध्या स्वराने चढवलेली आणि शेवटची होती तशीच. आता सी म्हणजे षड्ज धरा. तारा होतात: सा, प, सा, म, सा, ग. तंबोरा जुळवताना पाहिलेल्या कुणालाही यातली गंमत दिसेल. खाली सा-प-साची जमीन आयती तयार आहे. तिच्यावर मधल्या सप्तकातला शुद्ध मध्यम आणि तार सप्तकातला शुद्ध गंधार, दोन्ही एकाच वेळी मोकळ्या तारांवर वाजतात. गंधाराने आनंदाकडे न्यावं आणि मध्यमाने मध्येच थोपवून धरावं, असा तो झंकार आहे. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपोची चाप बसवायची, म्हणजे सगळंच एक स्वर वर सरकतं.

याचा परिणाम असा होतो की डाव्या हाताने एखाददुसरी तार दाबली तरी बाकीच्या तारा वाजत राहतात. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बोटं वर सुरावट विणतात, आणि एकटा माणूस दोघा-तिघांसारखा ऐकू येतो. ‘साथ नाही’ असं वाटणाऱ्या या गाण्यांत साथ तारा लावण्यातच आहे. ड्रेकचा आवाज या घट्ट ठेक्यावर नेमका न पडता किंचित मागून येतो. समेवर थाप मारल्यासारखा नव्हे, समेची चाहूल घेतल्यासारखा. गिटार घड्याळासारखं चालतं आणि गाणारा मात्र घड्याळाकडे बघत नाही. त्याचा विशेष या ओढाताणीत आहे, आणि तिच्यासाठी उजव्या हातावर विलक्षण ताबा लागतो.

तारा अशा लावण्याची किंमतही मोजावी लागली. गाणं बदललं की पुष्कळदा तारांची जुळणी बदलायची. स्टुडिओत त्याचं काही वाटत नाही. पण १९७०च्या इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबात, बिअरचे ग्लास वाजत असताना, मंचावर बसलेला उंच, लाजाळू मुलगा मिनिट-मिनिट तारा पिळतोय आणि लोकांशी एक शब्द बोलत नाहीये, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मधला वेळ गप्पांनी भरायचं कसब इतर लोकगायकांकडे होतं, ड्रेककडे नव्हतं. सप्टेंबर १९६९मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्टच्या कार्यक्रमाआधी तो गायला तेव्हा सभागृहाने शांत बसून ऐकलं. क्लबांत ते जमलं नाही, आणि १९७०मध्येच त्याने जाहीर गाणं जवळजवळ सोडलं.

तेव्हाच्या साप्ताहिकांचं चक्र कशावर चालायचं? दौरा, मुलाखत, रेडिओवर वाजणारं सिंगल. ड्रेकच्या हयातीत त्याचं एकही सिंगल निघालं नाही. नियतकालिकाला दिलेली मुलाखत एकच सापडते, १९७१ साली ‘साउंड्स’च्या जेरी गिल्बर्ट यांना दिलेली. मोठेपणीच्या ड्रेकचं एका सेकंदाचंही चलतचित्र उपलब्ध नाही. बातमी व्हावी असं तो काही करतच नव्हता.

तेव्हाच्या परीक्षणांत काय होतं?

आता १९७२ची परीक्षणं. मुलाखत घेणारे गिल्बर्ट यांनीच ‘साउंड्स’मध्ये लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: अल्बमभर फक्त निकचं गिटार, आवाज आणि पियानो आहे, नेहमीचे सगळे गुण आहेत, पण ‘ब्रायटर लेटर’ची उंची गाठलेली नाही, वादन चांगलं असलं तरी ही गाणी साजाशिवाय उभी राहण्याइतकी भक्कम नाहीत, आणि या गृहस्थांनी आता गूढपणा पुरे करून कामाची काही नीट घडी बसवावी.

‘मेलडी मेकर’मध्ये मार्क प्लमर यांनी लिहिलं. हा माणूस कुठे राहतो, काय करतो, कुणाला माहीत नाही. त्याला मंचावर बघून जवळ जावं तर तीही सोय नाही. संगीत फार खासगी आहे, लाजत पुढे येतं. जितकं ऐकावं तितकं ते ओढून घेतं, पण सतत आपल्यापासून लपतही राहतं. निक ड्रेक नावाचा कुणी नसेलच की काय, इथपर्यंत त्यांची शंका गेली.

ही परीक्षणं नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. दोघांनी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. साज नाही, बरोबर. खासगी आहे, बरोबर. ऐकावं तसं ओढून घेतं आणि हाती लागत नाही, हे तर या अल्बमचं आजवर झालेल्या वर्णनांतलं सर्वांत नेमकं वर्णन म्हणावं लागेल. पुढच्या ५० वर्षांत स्तुती करणाऱ्यांनी यापेक्षा वेगळं काही शोधून काढलेलं नाही. त्यांनीही हेच मुद्दे मांडले: नुसतं गिटार, नुसता आवाज, अंतर राखून बोलणं. वर्णन तेच राहिलं आणि निकाल तेवढा फिरला.

निकाल तेव्हा तसा का लागला, तेही समजण्यासारखं आहे. ‘पिंक मून’ निघाला त्याच महिन्यात नील यंग यांचा ‘हार्वेस्ट’ आला होता. गिटारवाल्या गायकाचाच अल्बम, पण दोन गाण्यांना लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची साथ. त्याच सुमाराला डेव्हिड बोवी ‘झिगी स्टारडस्ट’ होऊन मंचावर उतरू लागले होते. स्टुडिओची तंत्रं दर वर्षी वाढत होती आणि जास्त म्हणजे पुढचं, असं सगळे धरून चालले होते. अशा वेळी, दोन सजवलेल्या अल्बमनंतर उघड्या आवाजाचा तिसरा आला तर परीक्षकाला तो गाण्यांचा कच्चा खर्डा वाटणार. टेबलावर त्या आठवड्याच्या रेकॉर्डचा ढीग असणार आणि दोन दिवसांत मजकूर द्यायचा असणार. हळूहळू उलगडणाऱ्या गाण्याची परीक्षा पहिल्या श्रवणावर झाली.

खपला नाही, पण मिटलाही नाही

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी टॅनवर्थच्या घरी, वयाच्या २६व्या वर्षी ड्रेक गेला. तो काही वर्षं नैराश्याने आजारी होता, आणि त्यासाठी मिळालेल्या औषधाची मात्रा जास्त झाली. चौकशी अधिकाऱ्याने आत्महत्येची नोंद केली. जवळच्या माणसांत त्याबद्दल एकमत नाही.

न खपलेल्या गायकांचं पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. कंपनी रेकॉर्ड यादीतून काढते, पुन्हा छापत नाही, आणि जुन्या बाजारात धूळ खात पडलेल्या प्रती तेवढ्या उरतात. ड्रेकच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि याचं श्रेय एका करारातल्या कलमाला आहे. जो बॉइड यांनी आपली ‘विचसीझन’ ही कंपनी आयलंडला विकताना अट घातली होती की ड्रेकचे अल्बम कायम उपलब्ध राहिले पाहिजेत. समीक्षेच्या इतिहासात अशा रुक्ष गोष्टींची नोंद कुणी ठेवत नाही. पण रेकॉर्ड दुकानात मिळतच नसेल तर तिचा पुनर्विचार कोण कशाचा करणार?

त्यानंतरची वाटचाल कानोकानीची आहे. १९७५ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’मध्ये निक केंट यांनी ड्रेकवर दीर्घ लेख लिहिला. १९७९मध्ये तिन्ही अल्बमचा ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला, तोही फारसा खपला नाही, पण ज्यांच्या हाती पडला त्यांत स्वतः गाणारे-वाजवणारे बरेच होते. १९८५ साली ‘द ड्रीम अकॅडमी’ या मंडळीने आपलं गाजलेलं ‘लाइफ इन अ नॉर्दर्न टाउन’ ड्रेकला अर्पण केलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘आर.ई.एम.’ने आपल्या अल्बमसाठी निर्माता म्हणून बॉइड यांनाच निवडलं. १९९२मध्ये ल्युसिंडा विल्यम्स यांनी ‘पिंक मून’मधलं ‘व्हिच विल’ स्वतःच्या अल्बमच्या शेवटी गायलं. १९९७ साली पॅट्रिक हम्फ्रीज यांचं चरित्र आलं. म्हणजे साप्ताहिकांच्या परीक्षकांनी नाकारलेला खटला वादकांनी आपल्या पातळीवर पुन्हा चालवला होता. सामान्य श्रोत्यापर्यंत मात्र तो अजून आलेला नव्हता.

एका मिनिटाची जाहिरात

तो आला १९९९च्या अखेरीस, आणि आला जाहिरातीतूनच. अमेरिकेत फोक्सवॅगनच्या ‘कॅब्रिओ’ या उघड्या टपाच्या गाडीची जाहिरात केली जॉनथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या जोडीने. रात्रीचा रस्ता, वर चंद्र, गाडीत चार तरुण. ते एका पार्टीपाशी पोचतात, दारूच्या गोंधळात ओरडणारी माणसं बघतात, एकमेकांकडे बघतात आणि आत न जाता गाडी पुन्हा रस्त्याला लावतात. संवाद नाहीत. मागे ‘पिंक मून’ वाजतं.

अमेरिकेतला या अल्बमचा खप १९९९मध्ये साधारण ६,००० होता, तो २०००मध्ये ७४,००० झाला. गाण्याला मोटारीच्या दावणीला बांधलं म्हणून पुष्कळ जण चिडले, आणि तो राग अगदीच चुकीचा नव्हता. पण ती जाहिरात परीक्षण म्हणून पाहिली तर? तिने एकही विशेषण वापरलं नाही. हे गाणं कुठे ऐकायचं तेवढं दाखवलं: गोंगाटाकडे पाठ करून, रात्री, मोजक्या माणसांत. १९७०च्या क्लबांत ड्रेकला हेच मिळालं नव्हतं. कानात हेडफोन घालून एकटं ऐकण्याची सवय तोवर दोन पिढ्यांना लागली होती. जे संगीत सभागृहात लाजत होतं ते कानाशी बोलू लागलं. दिग्दर्शकांनी ते ओळखलं, आणि १९७२च्या जाहिरातीने ज्या जाणकाराची वाट पाहिली होती तो असा गाडीत बसून आला.

दुसरी चूक

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. कारण पुढच्या काळातल्या समीक्षेने स्वतःची एक चूक केली. ड्रेक तरुणपणी गेला, फोटो मोजके, चलतचित्र शून्य. रिकामी जागा मिळाली की कथा तिथे घर करते. ‘पिंक मून’ म्हणजे मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाची चिठ्ठी, असं वाचन रूढ झालं. प्रत्येक ओळीत शेवटाची खूण शोधली जाऊ लागली.

वस्तुस्थिती या वाचनाला सोयीची नाही. अल्बम झाला तेव्हा ड्रेकपुढे अजून तीन वर्षं होती. ‘थिंग्ज बिहाइंड द सन’ हे त्यातलं महत्त्वाचं गाणं आधीच रचलेलं होतं आणि बॉइड यांना ते दुसऱ्या अल्बममध्येच हवं होतं. १९७४मध्ये तो पुन्हा स्टुडिओत जाऊन नवी गाणीही गायला. आणि सर्वांत ठळक पुरावा वादनाचा. इतकं गुंतागुंतीचं वाजवणं, इतका स्थिर ठेका, दोन रात्रींत ११ गाणी, हे घडी विस्कटलेल्या माणसाचं काम नव्हे. निदान त्या दोन रात्री तो आपल्या कलेचा पुरता धनी होता. १९७२च्या परीक्षकांना चरित्र माहीत नव्हतं म्हणून त्यांना खोली दिसली नाही, असं म्हणतात. नंतरच्यांना चरित्र इतकं माहीत होतं की पुष्कळांना हात दिसला नाही.

या चुकीची झळ नव्या गायकांनाही बसली. १९९०नंतर घरीच ध्वनिमुद्रण करणाऱ्या गिटारवाल्यांची एक परंपरा उभी राहिली, जिला पुढे इंडी फोक म्हणू लागले. एलियट स्मिथ यांचा १९९४चा ‘रोमन कँडल’, ‘आयर्न अँड वाइन’ या नावाने गाणारे सॅम बीम यांचा २००२चा पहिला अल्बम, विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या लाकडी घरात जस्टिन व्हर्नन यांनी केलेला ‘बॉन इव्हेर’चा २००७चा अल्बम. ज्यांचे कान यांवर तयार झाले त्यांना ‘पिंक मून’ अपुरा वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. उलट तोच मोजपट्टी झाला. हळू आवाजात, एकट्या गिटारवर कुणी काही गायलं की परीक्षणात ‘निक ड्रेकची आठवण’ हमखास यायला लागली. तुलना बहुतेक वेळा हळव्या आवाजाची असते. तारा कशा लावल्या आहेत, अंगठा ठेका धरतोय का, शब्द समेच्या किती मागे पडतोय, हे क्वचितच कुणी विचारतं. ड्रेकचं दुःख उचलणं सोपं आहे. त्याचा उजवा हात उचलायला वर्षं लागतात.

एकट्या गिटारवाल्याच्या अल्बमचं परीक्षण वाचताना म्हणून एक साधा उपाय करून बघण्यासारखा आहे. त्यातली विशेषणं पेन्सिलीने खोडायची आणि उरलेलं वाचायचं. गिल्बर्ट आणि प्लमर यांची परीक्षणं अशी वाचली तर खाली उरतं ते आजही खरं आहे. आजचं एखादं भरभरून स्तुतीचं परीक्षण असं खोडून वाचलं, तर खाली काही उरतं का ते बघावं. समीक्षकाचा निकाल त्याच्या काळाबरोबर जुना होतो. त्याने नोंदवलेलं ऐकणं, जर खरंच ऐकलं असेल तर, टिकतं.

बाकी ज्याचं त्याने ऐकून ठरवावं. अर्ध्या तासाचंही काम नाही. ऐकताना शेवटच्या गाण्यापर्यंत मात्र जावं. अंधाराचा म्हणून ओळखला जाणारा हा अल्बम ज्या गाण्याने संपतो त्याचं नाव ‘फ्रॉम द मॉर्निंग’, आणि टॅनवर्थच्या चर्चच्या आवारात, ओकच्या झाडाखाली, ड्रेकच्या समाधीच्या दगडावर घरच्यांनी ओळ कोरून घेतली आहे ती याच गाण्यातली.